कोऱ्या नोटेचें मोल

आमचे एक स्नेही एका मोठ्या बँकेंत पस्तीस वर्षें रोखपालाचें काम करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर मनुष्य काय करील याचा नेम नसतो. कोणी बागेंत रमतो, कोणी प्रवचनांस जातो, कोणी वर्तमानपत्रांस पत्रें लिहूं लागतो. आमच्या या स्नेह्यांनीं जुन्या कागदी चलनाचा संग्रह मांडला आहे, आणि त्यांतहि त्यांचा एक कडक नियम आहे. जी नोट छापखान्यांतून निघाल्यापासून कोणाच्याहि व्यवहारांत गेली नाहीं, जिला घडी पडली नाहीं, जिच्या कोपऱ्यांची धार मोडली नाहीं, तीच त्यांच्या संग्रहांत प्रवेश पावते. बाकीच्या नोटांस, मग त्या कितीहि जुन्या असोत, दारांतूनच परत जावें लागतें.

गेल्या दिवाळींत फराळास म्हणून त्यांच्याकडे गेलों असतां त्यांनीं हा संग्रह आम्हांस दाखविला. प्रथम त्यांनीं साबणानें हात धुतले, कोरडे पुसले, आणि आमच्या हातांकडे असें कांहीं पाहिलें कीं चकलीची बशी आम्हीं आपण होऊन दूर सारली. मग एकेक पान उलटूं लागलें. १९३८ च्या जानेवारींत रिझर्व्ह बँकेनें स्वतःच्या नांवानें काढलेली पहिली नोट, सहाव्या जॉर्ज बादशहाच्या चित्राची, पांच रुपयांची. १९४३ सालीं महायुद्धाच्या धामधुमींत निघालेली दोन रुपयांची. आणि १९४९ सालीं बादशहाच्या जागीं सारनाथचे सिंह येऊन बसले ती एक रुपयाची. सगळ्या नोटा पारदर्शक वेष्टनांत, जणूं आजच सकाळीं नाशिकच्या छापखान्यांतून आलेल्या. त्यांतली एक बाहेर काढून, तिच्या कडा दोन बोटांत धरून, त्यांनीं ती आमच्या कानाजवळ किंचित् हालविली. "ऐका," ते म्हणाले, "ऐंशी वर्षें उलटलीं, पण अजून करकरते!"

या छंदाचें एक शास्त्र आहे हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. नाण्यांची प्रत ठरविण्यासाठीं विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थानें १९४९ सालीं एक ते सत्तर अशी गुणांची श्रेणी सुचविली. पुढें तीच नोटांसहि लावण्यांत आली. साठ व त्याच्या वरचे गुण मिळालेली नोट ती कोरी. साठाच्या खालीं गेलेली ती वापरलेली. मधोमध पडलेली एक घडी नोटेस या रेषेखालीं ओढावयास पुरते, आणि एकदां खालीं गेलेली नोट पुन्हां वर चढत नाहीं. म्हणून कांहीं लबाड विक्रेते मळकी नोट धुतात, वजनाखालीं दाबतात, तिला इस्त्रीहि करतात. पण जाणता संग्राहक सहसा फसत नाहीं. धुतलेल्या कागदाचें मूळचें तेज जातें, आणि दाबलेल्या कागदावर छपाईचा बोटास लागणारा उठाव बसून जातो. गेलेलें कोरेपण परत आणतां येत नाहीं. त्याचें सोंग तेवढें आणतां येतें.

आणखी एक गोष्ट त्यांनीं हंसत हंसत सांगितली. आपल्या देशांत बँका शंभर शंभर नोटांचीं पुडकीं लोखंडी पिनांनीं टांचीत असत. २००१ सालीं रिझर्व्ह बँकेनें तें बंद करून कागदी पट्टी वापरण्याची आज्ञा दिली. त्यामुळें त्या पूर्वींची आपली नोट कितीहि कोरी असली तरी बहुधा तिच्या अंगावर पिनेचीं भोकें असावयाचींच. "मग ती निष्कलंक कशी?" आम्हीं विचारलें. "ती तिच्या जन्माची खूण; वापराची नव्हे," ते म्हणाले, आणि थोडें थांबून पुढें म्हणाले, "सर, हीं भोकें पाडणारे आम्हीच कीं!"

आमच्या खिशांत त्या दिवशीं एक नोट होती, ती दाखवावी या हेतूनेंच आम्ही गेलों होतों. आमची आई चार वर्षांपूर्वीं वारली. तिच्या मागें तिच्या वस्तू आवरतांना हिंगाच्या एका रिकाम्या डबींत चौघडी केलेली दहा रुपयांची नोट सांपडली. मागच्या बाजूस शिडाचें जहाज असलेली ती जुनी नोट आम्हीं लगेच ओळखली. १९६२ सालीं तिच्या लग्नांत, पाठवणीच्या वेळीं, तिच्या वडिलांनीं ती तिच्या मुठींत ठेवली होती. स्नेह्यांनीं ती नोट दिव्यासमोर धरली, पाठपोट पाहिली, आणि रोग्याच्या नातेवाइकांशीं वैद्य बोलतो तशा स्वरांत ते म्हणाले, "चार घड्या, एका घडीवर चीर, कोपऱ्यावर डाग. सर, रागावूं नका, पण संग्राहकाच्या दृष्टीनें हिला किंमत नाहीं. दहा रुपये मात्र नक्की मिळतील. कायद्यानें ही अजून चालते."

आम्ही रागावलों नाहीं. परंतु घरीं येतांना एक प्रश्न मनांत शिरला तो अद्याप निघालेला नाहीं, आणि तोच वाचकांपुढें मांडण्याचा आज विचार आहे. जी वस्तु केवळ चालण्यासाठीं निर्माण झाली, ती मुळींच चालली नाहीं म्हणून अधिक मोलाची कशी ठरते? आणि नोटेच्या बाबतींत हें खरें असेल तर तें मनुष्याच्या बाबतींतहि खरें आहे काय? न मळणें हा स्वतःच एक गुण आहे काय?

आपल्या भाषेनें या प्रश्नाचा एक निकाल फार पूर्वींच देऊन ठेविला आहे. आपण पैशास चलन म्हणतों; 'ही नोट चालेल का' असें विचारतों. मनुष्याविषयीं बोलतांनाहि 'गांवांत त्यांचा शब्द चालतो' असें म्हणतों. शब्द आणि नोट या दोन्ही वस्तू मुळांत एकाच जातीच्या आहेत, कारण दोन्ही वचनें आहेत. मागील शतकांतल्या नोटा काढून पाहा किंवा आजची शंभराची पाहा. धारकास अमुक रुपये देण्याचें वचन तिच्यावर छापलेलें असतें व खालीं सही असते. त्या कागदांत सोनें नाहीं, रुपें नाहीं. आहे तें एवढेंच कीं एका हातानें तो दिला असतां दुसरा हात तो विश्वासानें घेतो. म्हणजे नोटेची सगळी कसोटी देण्याघेण्याच्या त्या क्षणीं आहे. जी नोट कोणीं कोणास दिलीच नाहीं ती खोटी नव्हे हें खरें. पण तिच्या खरेपणाची परीक्षा कोणीं घेतली?

अर्थशास्त्राचे आमचे सहाध्यापक म्हणतील कीं यांत गूढ कांहींच नाहीं. दुर्मिळता हेंच किंमतीचें कारण. तें आम्हांस मान्य आहे. पण दुर्मिळता आली कोठून? पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई झाली तेव्हां १९१७ च्या ३० नोव्हेंबरास सरकारनें एक रुपयाची नोट काढली, आणि पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची. रुप्याचा रुपया वाजवून घेणाऱ्या लोकांच्या हातीं एकाएकीं कागद आला. तो कागद धान्याच्या दुकानांत गेला, मजुरीच्या दिवशीं हातांवर पडला, कमरेच्या कनवटीस लागला, घामानें भिजला, आणि फाटून नाहींसा झाला. अशा नाहींशा झालेल्या असंख्य नोटांमुळें आज उरलेल्या एका कोऱ्या नोटेस भाव आला आहे. त्या सगळ्याच जर कपाटांत राहिल्या असत्या, तर आज त्यांतल्या एकीसहि कोणीं विचारलें नसतें. उलटपक्षीं, त्या सगळ्याच जर कपाटांत राहिल्या असत्या तर त्या वर्षीं देशाचा व्यवहार बंद पडला असता. तेव्हां कोऱ्या नोटेचें मोल हें तिनें मिळविलेलें नाहीं. तिच्या मळून फाटून गेलेल्या बहिणींनीं तें तिला मिळवून दिलें आहे. हा हिशेब संग्राहकाच्या यादींत कोठेंहि लिहिलेला नसतो.

या विचारास बळकटी देणाऱ्या दोन गोष्टी आमच्या स्नेह्यांनींच आम्हांस सांगितल्या. दोन्ही हिंदुस्थानच्या नोटांच्या, आणि दोन्ही प्रवासाच्या.

पहिली आगबोटीची. 'शिराला' नांवाची एक आगबोट लंडनहून मुंबईकडे निघाली असतां १९१८ च्या २ जुलै रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनें ती बुडविली. तिच्यावर दारूगोळा होता, मुरंब्याच्या बरण्या होत्या, आणि हिंदुस्थानसाठीं छापलेल्या नोटांचे गठ्ठे होते. एक रुपयाच्या नोटांवर सह्या झालेल्या होत्या. पांच व दहा रुपयांच्या नोटांवर त्या व्हावयाच्या होत्या. हे गठ्ठे तरंगत किनाऱ्यास लागले. अधिकाऱ्यांनीं बहुतेक नोटा गोळा करून नष्ट केल्या व त्यांच्या बदलीं नव्या छापविल्या; थोड्याशा मात्र कोणाकोणाच्या हातीं राहिल्या. त्यांपैकीं २५ मे १९१८ या तारखेच्या दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ च्या मे महिन्यांत लंडनच्या लिलावांत आल्या. त्यांचा कागद इतका चांगला राहिला याचें कारण त्या गठ्ठ्याच्या मधोमध घट्ट दाबलेल्या असाव्या, असा लिलाव करणाऱ्यांचा तर्क होता. या नोटा कोऱ्या राहिल्या त्या कशानें? बोट बुडाली म्हणून. ज्या बाजारांत त्या पोंचावयाच्या होत्या तेथें त्या कधींच पोंचल्या नाहींत.

दुसरी गोष्ट टपालाची. गेल्याच्या मागल्या शतकांत मोठ्या रकमेच्या नोटा टपालानें पाठवितांना वाटेंत चोरीची भीति असे. म्हणून सावकार व व्यापारी नोट मधोमध कापीत, आणि एक अर्ध आधीं पाठवीत. तें पोंचल्याचें पत्र आलें म्हणजे दुसरें अर्ध रवाना होई. मग पलीकडचा मनुष्य दोन्ही अर्धें जोडून पैसे वसूल करी. अशा कापून चिकटविलेल्या नोटा अजून क्वचित् पाहावयास मिळतात. त्यांच्या अंगावर आरपार व्रण आहे. पण तो व्रण त्या पोंचल्याची पावती आहे.

एक नोट अखंड राहिली कारण ती पोंचली नाहीं. दुसरी पोंचावी म्हणून तिचे दोन तुकडे झाले. गुणांच्या श्रेणींत पहिलीचा क्रमांक कितीतरी वरचा लागेल. परंतु जिच्यासाठीं नोट जन्मास येते त्या कामाच्या दृष्टीनें पाहिलें, तर दोहोंतली सफल कोणती हें सांगावयास पंच नकोत.

तथापि कोरेपणाचा मोह हा कांहीं केवळ संग्राहकांचा रोग नव्हे. कालिदासाच्या दुष्यंतास शकुंतलेला उपमा देण्यासाठीं न हुंगलेलें फूल व न टोंचलेलें रत्नच सुचलें. भाजीवाल्याशीं व्यवहार करतांना आपण सगळेच पाकिटांतली मळकी नोट आधीं काढतों, आणि करकरीत असेल ती मागें ठेवतों. फाटकी दुसऱ्याच्या गळ्यांत खपविली म्हणजे आपणांस अंमळ समाधानहि वाटतें. आणि आपल्या समाजानें तर या मोहास धर्माचें वस्त्र नेसविलें होतें. सोवळें म्हणजे दुसरें काय? ज्यास कोणाचा स्पर्श नाहीं तें शुद्ध. ज्या घरांत सोवळें कडक, त्या घरीं तें निभावून नेण्यासाठीं अंगण झाडणारे, कपडे धुणारे, मळ वाहून नेणारे कितीतरी हात लागत. शुद्धता त्या हातांच्या कष्टांवर उभी, आणि मान मात्र त्या हातांपासून दूर राहण्याचा! १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं ओंजळींत घेतलें, तेव्हां सनातनी मंडळींनीं तें तळें पुन्हां 'शुद्ध' करून घेतलें. पाणी हें पिण्यासाठीं असतें, ही साधी गोष्ट त्या शुद्धीच्या नादांत कोणास आठवली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं आमचा संग्राहकांवर राग आहे. तसें मुळींच नाहीं. आमच्या स्नेह्यांस आम्हीं हा सगळा विचार पुढच्याच भेटींत बोलून दाखविला, आणि त्यांनीं जें उत्तर दिलें तें ऐकून आम्हांस आपल्या वादपटुत्वाची थोडी लाज वाटली. ते म्हणाले, "सर, पस्तीस वर्षें मीं लोकांच्या नोटा मोजल्या. कोळिणीच्या नोटेस मासळीचा वास, खाटकाच्या नोटेवर रक्ताचा डाग, इस्पितळांतून धांवत आलेल्या माणसाची नोट घामानें ओली. संध्याकाळीं हात धुतले तरी बोटांचा काळेपणा जात नसे. मीं त्या नोटांचा कधीं तिटकारा केला नाहीं. पण त्या शेवटीं कोठें गेल्या? पूर्वीं जाळीत, आतां यंत्रांत घालून त्यांचा भुगा करतात आणि विटा पाडतात. नोट मुळांत कशी होती, तिच्यावर रंग कोणता होता, जहाजाच्या दोऱ्या किती बारीक कोरल्या होत्या, हें पुढच्या पोरांनीं कोठें पाहावयाचें? एक तरी प्रत कोणीं जपावयास नको का?"

हें म्हणणें खरें आहे. मुंबईस फोर्टांत रिझर्व्ह बँकेचें चलनसंग्रहालय आहे, तेथें जाऊन कोणीहि याचा अनुभव घ्यावा. ज्या वस्तू चालून झिजून गेल्या त्यांची आठवण न चाललेल्या वस्तूंनीं जतन केली आहे. साक्षीदारहि जगास लागतो. भर्तृहरीनें धनाच्या तीनच गती सांगितल्या, दान, भोग आणि नाश. आमच्या स्नेह्यांच्या संग्रहामुळें त्यांत स्मरण ही चौथी मिळवावी लागेल, आणि ती मिळविण्यास आमची ना नाहीं. मात्र साक्षीदाराचा मान आणि काम करणाराचा मान हे दोन वेगळे आहेत. शिवाय नोटेस आपली गती निवडतां येत नाहीं. कोणती चालावी व कोणती जपावी हें दुसरा ठरवितो. मनुष्य हें स्वतः ठरवितो. म्हणून नोट कोरी राहिली तर तें तिचें दैव, मनुष्य कोरा राहिला तर तें त्याचें कर्म.

आतां आईच्या नोटेकडे वळूं. त्या नोटेस कोरी म्हणतां येत नाहीं, आणि ती खर्चहि झाली नाहीं. साठ वर्षें ती डबींतच होती. मग तिला घड्या आल्या कोठून, आणि तिच्यावर चीर कशानें पडली? हें आम्ही सांगूं शकतों, कारण त्यांतली एक घडी पडतांना आम्हीं पाहिली आहे. आम्ही मॅट्रिकच्या वर्गांत होतों. परीक्षेचें शुल्क भरण्याचा शेवटचा दिवस होता आणि वडिलांचा पगार लांबला होता. सकाळीं आईनें डबी काढली, नोट उलगडली, मांडीवर ठेवून हातानें सपाट केली, आणि इतर सुट्या पैशांबरोबर आमच्या हातीं दिली. आम्ही उंबऱ्यापर्यंत गेलों तोंच वडील कोठून तरी पैसे घेऊन आले. नोट पुन्हां घडी होऊन डबींत गेली. अशी ती किती वेळां बाहेर आली असेल? बहात्तरच्या दुष्काळांत आली असेल, बहिणीच्या दुखण्यांत आली असेल. दर वेळीं ती उलगडली गेली ती जाण्याच्या तयारीनें, आणि परत आली ती गरज टळली म्हणून.

तेव्हां राखून ठेवणें हें दोन प्रकारचें आहे. एक वेळ येईल तेव्हां देतां यावें म्हणून राखणें, आणि दुसरें कधींच द्यावें लागूं नये म्हणून राखणें. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. दोहोंसहि डबी लागते. फरक वेळ येते त्या दिवशींच कळतो. आईची नोट आणि स्नेह्यांची नोट यांतला भेद आम्हीं मळावरून करीत होतों, तो चुकीचा होता. खरा भेद हा आहे.

एवढें लिहून थांबलों असतों तर हा निबंध व्यवस्थित पुरा झाला असता. परंतु दुसऱ्याच्या संग्रहाची झडती घेणाऱ्यानें आपली डबीहि उघडून दाखवावी हें न्यायाचें आहे.

पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही ज्या महाविद्यालयांत होतों तेथील ग्रंथालयांतून कांहीं मौल्यवान् जुनीं पुस्तकें नाहींशीं झालीं. संशय तेथील एका परिचरावर गेला. कपाटाची चावी त्याच्याकडे असे, आणि त्याच्याखेरीज कोणाच्या हातीं ती जात नसे, असें चौकशींत गृहीत धरलें गेलें. वस्तुतः ती चावी हवी तेव्हां आम्हां अध्यापकांस मिळत असे. नोंद न करतां पुस्तकें घरीं नेण्याची वाईट संवय आमच्यांतील अनेकांस होती, आणि त्या अनेकांत आम्हीहि होतों. तो मनुष्य एका सायंकाळीं आमच्या घरीं आला. बसा म्हटलें तरी बसला नाहीं. "सर," तो म्हणाला, "तुमचा शब्द चालतो. चावी सगळ्यांनाच मिळत होती, एवढें एकदां समितीपुढें बोला. जास्त कांहीं नको."

आमचा शब्द चालत होता हें खरें होतें. वीस वर्षें आम्हीं तो सांभाळला होता. कोणाच्या गटांत गेलों नाहीं, कोणाच्या भांडणांत पडलों नाहीं, आमच्या नांवावर कसलीहि घडी पडूं दिली नाहीं. हें सगळें आम्ही कशासाठीं सांभाळीत होतों असें कोणीं विचारलें असतें, तर 'प्रसंगीं उपयोगी पडावें म्हणून' असेंच उत्तर आम्हीं दिलें असतें, आणि आम्ही स्वतः तें खरें मानीत होतों. प्रसंग दारांत उभा होता. समितीपुढें आम्हीं एवढेंच सांगितलें कीं ग्रंथालयाच्या व्यवस्थेविषयीं आम्हांस प्रत्यक्ष माहिती नाहीं. त्या उत्तरानें आमच्या अंगास कांहींच लागलें नाहीं. तो मनुष्य कामावरून कमी झाला आणि गांवीं गेला. जातांना त्यानें आम्हांस नमस्कार केला, हें सांगावयाचें राहिलें.

त्या काळीं आम्ही वर्गांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत होतों. १६४४ सालीं मिल्टननें मुद्रणस्वातंत्र्याच्या कैवारासाठीं जो 'अॅरिओपजिटिका' नांवाचा निबंध लिहिला, त्यांत मैदानांत उतरून शत्रूस सामोरा न जाणारा, मठांत लपून बसणारा सद्गुण हा प्रशंसेस पात्र नव्हे असा विचार आहे. तो विचार आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस समजावून सांगितला आहे, उत्तरपत्रिकांत त्यावर गुण दिले आहेत. त्या वर्षींहि शिकविला. शिकवितांना आवाज कापला नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या संग्रहांत आपण कोणत्या पानावर शोभूं हें आम्हांस त्या दिवाळीच्या रात्रीं, आईची नोट पुन्हां डबींत ठेवतांना, उमगलें. तिच्या नोटेवर चार घड्या आणि एक चीर होती. आमच्या नांवावर एकहि नव्हती. होतीं तीं पिनेचीं दोन भोकें, जन्माबरोबर आलेलीं.

चलनाविषयीं आणखी एक गोष्ट आहे, तीहि येथें सांगितली पाहिजे. नोटेस काळाची मर्यादा असते. १९४६ च्या जानेवारींत पांचशें, हजार व दहा हजारांच्या नोटा एका दिवसांत रद्द झाल्या. १९७८ च्या जानेवारींत पुन्हां हजार, पांच हजार व दहा हजारांच्या गेल्या. आणि २०१६ च्या ८ नोव्हेंबरच्या रात्रीं काय झालें हें आपण सर्वांनीं पाहिलेंच आहे. त्यानंतरच्या वर्षांत कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसांच्या मागें उशीखालीं, लुगड्यांच्या घड्यांत, धान्याच्या कणगींत पांचशांच्या जुन्या नोटा निघाल्या. अडीअडचणीस म्हणून ठेवलेल्या, करकरीत, आणि निरुपयोगी. मुदत टळून गेली होती. राखून ठेवलेला शब्दहि असाच आहे. तो उशिरां काढला तर खोटा ठरत नाहीं. पण ज्याला तो द्यावयाचा त्याची गरज तोंवर संपलेली असते, किंवा तो मनुष्यच उरलेला नसतो.

या कार्तिकांत आम्हीं त्या गृहस्थाचा पत्ता शोधून काढला आणि त्यास पत्र लिहिलें. त्यांत समितीपुढें जें बोलावयास हवें होतें तें सगळें लिहिलें, आमचें नांव व सही घालून. आणि हें पत्र तुम्हांस हवें त्यास दाखवा असेंहि कळविलें. तसेंच एक पत्र त्या महाविद्यालयाच्या चालकांसहि पाठविलें. दोहोंचेंहि उत्तर अद्याप आलेलें नाहीं. येईलच असेंहि नाहीं, आणि न आलें तर तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पंधरा वर्षांनीं बाहेर काढलेली ही नोट कोणीं घेतली नाहीं तर तें ठीकच होईल.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असें एक सांभाळलेलें नांव असेल. सुशिक्षित घरांत तें असतेंच. आईबापांनीं तें कष्टानें मिळविलेलें असतें, आणि तें मळूं नये ही आपली पहिली शिकवण असते. ती शिकवण वाईट नाहीं. आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं तें नांव अधूनमधून डबींतून काढून, उलगडून, मांडीवर सपाट करून पाहावें, आणि हें कोणासाठीं ठेविलें आहे असें स्वतःस विचारावें. आईची नोट आम्हीं पुन्हां हिंगाच्या डबींतच ठेविली आहे. वेष्टनांत घातली नाहीं. ती दहा रुपयांची आहे आणि अजून चालते.